‘हिवाळी सुट्टी’ नावाची शाई

कामिउराच्या बंदरात बर्फ पडायला लागला की भर दुपारी दिवे लावावे लागतात. त्या दिवशीही तोमोएने काउंटरवरचा दिवा लावला आणि शाईच्या बाटल्यांपुढचे चाचणीचे कागद बदलायला घेतले. काम तसं डोकं न लागणारं. गिऱ्हाईक येतं, काचेची लेखणी शाईत बुडवतं, कागदावर काहीबाही खरडतं, रंग पटला तर बाटली घेतं, नाहीतर बर्फाच्या गप्पा मारून चालू लागतं. खरडलेले कागद काढायचे आणि कोरे लावायचे, एवढंच.

दुकानाचे मालक ओनुमा-सान पार्सलं टाकायला पोस्टात गेले होते. जाताना दारातून म्हणाले, "तोमोए-सान, आपली ‘हिवाळी सुट्टी’ पार दक्षिणेला निघाली बरं का. मला मेल्याला जन्मात सुट्टी मिळाली नाही, आणि बाटली चालली हिंडायला."

तोमोए हसली. हल्ली त्या नावावर हसताना तिला ओठ धरून ओढावे लागत.

ओनुमांच्या दुकानात हवा तो रंग कालवून मिळे. लोक लांबून यायचे. कुणाला आईच्या किमोनोचा जांभळा हवा असे, कुणाला मोडीत निघालेल्या बोटीचा गंज. तोमोए थेंबाथेंबाने रंग जुळवायची आणि शेवटी बाटलीवर लावायची कोरी चिठ्ठी पुढे सरकवायची. नाव गिऱ्हाइकाने आपल्या हाताने लिहायचं. नाव लागलं की रंग त्या माणसाचा. तो पुन्हा दुसऱ्या कुणासाठी कालवायचा नाही. हा दुकानाचा नेम, आणि तोमोएला त्याचा अभिमान होता.

शरदात इसोबे-सान आल्या. धक्क्यामागच्या गल्लीत राहणाऱ्या, मासे सुकवण्याच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या. हातांना मिठाच्या भेगा पडलेल्या. त्यांना पाण्याचा रंग हवा होता.

"धक्क्याखालचं पाणी. वर बर्फाचा चुरा तरंगत असतो ना, त्याच्या फटीतून दिसतं ते."

"निळसर का?" तोमोएने विचारलं.

"नाही हो. निळं असतं तर बरं झालं असतं."

मग हळूहळू कळलं. त्यांची लहान मुलगी त्या धक्क्यावरून घसरली होती. शाळेला हिवाळी सुट्टी होती, म्हणून खेळायला गेली होती. आई धावत पोचली तेव्हा नुसतं पाणी होतं.

"तिचा चेहरा आता नीट आठवत नाही," त्या खाली बघत म्हणाल्या. "पाणी मात्र जसंच्या तसं आठवतं. त्याच पाण्याने तिचं नाव लिहायचंय मला. म्हणजे मग..."

 सगळी दुपार दोघी रंगावर वाकून होत्या. राखाडीत हिरवट, आणि तळाशी किंचित तपकिरी. रंग जमला तेव्हा इसोबे-सानांनी तोंडावर हात धरला. चिठ्ठी पुढे केली, तर त्यांनी लेखणी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "घरी जाऊन लिहिते," म्हणाल्या, आणि बाटली आणि कोरी चिठ्ठी घेऊन गेल्या.

पुढे शहरात शाईचं मोठं प्रदर्शन आलं. दुकानाला नवा रंग हवा होता, आणि तोमोए जो निळा कालवायची तो आधीच कुणाच्या तरी बाटलीत असायचा. "यंदा काय, नळाचं पाणी भरून न्यायचं का?" असं ओनुमा-सान चिडवायचे, पण त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. तेव्हा एका संध्याकाळी तोमोएने तो रंग कालवला. हात आपोआप वळला असं ती पुढे स्वतःला सांगायची. पण हात कुठे आपोआप वळतात? प्रमाण तिला पाठ होतं आणि तिनेच ते कालवलं. नाव आपल्यासमोर लिहिलं गेलं नाही, म्हणजे रंग अजून कुणाचा झालेला नाही, अशी तिने मनाची समजूत घातली.

मालक खूश झाले. "नाव काय ठेवायचं?" म्हणाले. तोमोएच्या जिभेवर आलं ते ती बोलून गेली, ‘हिवाळी सुट्टी’. ते नाव कुणाच्या तोंडचं होतं, हे चिठ्ठ्या छापून आल्यावर तिच्या लक्षात आलं. चिठ्ठीवर एक हसरा बर्फाचा बाहुलाही छापला होता. तेव्हा बोलायला हवं होतं. ती गप्प बसली. प्रदर्शनात पोरी रांग लावून बाटल्या घेत होत्या, "किती शांत वाटतं नाही या रंगाकडे बघून," म्हणत होत्या, आणि तोमोए वाकून वाकून आभार मानत होती. आठवलं की तिला आजही स्वतःची किळस येई.

तर ती कागद काढत होती. इतर शायांपुढे नेहमीचंच होतं. आडनावं, "थंडी आहे", "भूक लागली", एक मांजर. ‘हिवाळी सुट्टी’पुढच्या कागदावर मात्र मिओरी असं लिहिलं होतं. त्याखाली पुन्हा मिओरी. पानभर तेच. म्हाताऱ्या हाताची कापरी अक्षरं, तिरकी, ठसठशीत, पोरासोरांची वाकडी. हस्ताक्षर प्रत्येकाचं वेगळं आणि नाव एकच.

कुणी नटी असेल, तिने मनाशी म्हटलं. मग सकाळचा पोस्टमन आठवला. तिच्याशी गप्पा मारत मारत त्याने खरडलं होतं. "आपलं स्वतःचंच नाव लिहितो, दुसरं काय सुचणार," म्हणाला होता. शेवटची ओळ त्याची होती. मिओरी.

तोमोएने त्या ओळीवर बोट ठेवलं. सकाळी लिहिलेली अक्षरं अजून ओली होती... आणि गार. बोट नाकाशी नेलं तर शाईचा वास नव्हताच. भिजलेल्या दोरखंडाचा, शेवाळाचा वास होता.

एवढ्यात दाराची घंटा वाजली. इसोबे-सान आत आल्या. डोक्यावर, खांद्यावर बर्फ. तिने पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर ती मागच्या फळीवरच्या ‘हिवाळी सुट्टी’च्या बाटल्या पाठीने झाकत उभी राहिली.

"शाई बिघडली की मीच बिघडले, जरा बघता का?" इसोबे-सानांनी पिशवीतून बाटली काढली. तिच्यावरची चिठ्ठी अजून कोरी होती. मग घडी घातलेले कागद काढून काउंटरवर पसरले. "मी तिचं नाव लिहायला बसते. मनात नाव असतं. हात चालतो. आणि कागदावर हे येतं."

प्रत्येक कागदावर, ओळीमागून ओळ, हिवाळी सुट्टी.

"आधी या शाईनेच व्हायचं. आता पेन्सिलीनेही होतं. कुणाला दाखवलं नाही हो. लोक म्हणतील, इसोबे भ्रमिष्ट झाली." त्या थांबल्या. त्यांची नजर तोमोएच्या खांद्यावरून मागे गेली. "ते... तुमच्या मागे काय लिहिलंय?"

तोमोएने मान वळवली नाही. बाजूला मात्र झाली.

इसोबे-सान फळीवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिल्या. हसरे बाहुले त्यांच्याकडे बघत होते.

"तुमचाच रंग आहे," तोमोए म्हणाली. "मी विकला. नावही तुमच्याच बोलण्यातलं उचललं... तुम्हाला विचारलं नाही." ती काउंटरच्या बाहेर आली, गुडघे टेकले आणि फरशीला कपाळ लावलं. शिव्या बसाव्यात, एखादी बाटली डोक्यात बसावी, असं तिला मनापासून वाटत होतं.

"उठा हो," इसोबे-सान म्हणाल्या. "फरशी गार आहे. गुडघे धरतील."

हे ऐकून तोमोएला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एवढंच सांगा मला," त्या हळूच म्हणाल्या, "तिचं नाव मग गेलं कुठे?"

तोमोए उठली, काउंटरमागे गेली आणि चाचणीचा कागद तिने त्यांच्यापुढे ठेवला. इसोबे-सान कितीतरी वेळ त्यावर वाकून होत्या. भेगाळलेलं बोट एकेका ओळीवरून फिरत होतं. ओठ हलत होते, शब्द मात्र फुटत नव्हता.

"अक्षरं दिसतात," त्या म्हणाल्या. "पण जुळत नाहीत... तुम्ही वाचता?"

"मिओरी," तोमोएने वाचलं. त्यांनी मान कलती केली, म्हणून ती पुन्हा जरा मोठ्याने म्हणाली, "मिओरी."

इसोबे-सानांच्या चेहऱ्यावर एक सभ्य, पाहुण्यासारखं हसू आलं.

"गोड नाव आहे. कुणाचं हो?"

तेव्हाच काउंटरखालून, अगदी तिच्या गुडघ्यापाशी, कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं,

"ओ..."

इसोबे-सानांना ते ऐकू आलं नाही. त्या कागद गोळा करत होत्या. बाटली त्यांनी तशीच काउंटरवर राहू दिली, कोटाची बटणं लावली, आणि आपण इथे कशाला आलो होतो ते आठवत नसल्यासारख्या क्षणभर उभ्या राहिल्या.

"बरं, येते हं. बर्फ वाढायच्या आत पोचायला हवं."

त्यांना थांबवायला तोमोए पाऊल उचलणार, तोच एका इवल्याशा, ओल्या लोकरी हातमोज्याने तिच्या एप्रनचं टोक घट्ट धरलं. तिने खाली बघितलं नाही. दार वाजलं, आई बर्फात निघून गेली, आणि एप्रन काही सुटलं नाही.