पाटकऱ्याचं फावडं

चूल पेटवता पेटवता धुरपदाबाईची नजर दाराआडच्या खुंटीकडे गेली आणि तिच्या काळजाचं पाणी झालं... कुऱ्हाड तिथे नव्हती!

तोताराम कुठे गेला, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तोताराम आणि निंबा हे तिचे दीर. सासू गेल्यावर दोघांना तिनेच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. पांझरा नदीच्या पाटावरच्या त्या फडात, म्हणजे एकत्र भिजणाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, वावरं सगळ्यांची, पण पाणी द्यायचं ते एकट्या पाटकऱ्याने. मालकाने पाटाला हात लावायचा नाही आणि पाटकऱ्याच्या वावराने सगळ्यांत शेवटी प्यायचं, ही पूर्वापारची रीत. तिचा नवरा पाटकरी होता. गेल्या वर्षी तो गेला, त्याचं फावडं कोपऱ्यात पडलं, आणि जो तो आपल्याकडे पाणी ओढू लागला. यंदा पावसाने दगा दिला, तशी निंबाने बंधाऱ्यामागच्या डोहात मोटरच टाकली. पाटाच्या शेवटाला असलेला तोतारामचा गहू वाळू लागला.

तिने ते फावडं उचललं आणि अनवाणीच नदीकडे धावली. देवा, एकाचं रक्त दुसऱ्याच्या हाताला लागू देऊ नकोस... एवढंच तिच्या ओठांवर होतं.

डोहाकाठी एकाच्या हातात कुऱ्हाड होती, दुसऱ्याच्या हातात पहार. ती मधे जाऊन उभी राहिली.

“मारानं व्हई ते पहिले माले मारा,” ती हळूच म्हणाली.

मग धापा टाकत तिने सांगितलं, की डोह असा उपसला तर गावच्या विहिरी आटतील, ढोरांनाही घोटभर उरणार नाही. यंदा अर्धा फड कोरडा ठेवायचा आणि उरलेल्याला आजपासून पाणी तीच देणार.

निंबाची मान खाली गेली. “वहिनी, पाटकरीनं वावर शेवट राहस. तुन्हा कांदा मरी जाई.”

“मरू दे. कांदा परत लावता येस, भाऊ नही.”

निंबाने पहार टाकली आणि स्वतःच्या हाताने मोटर वर काढली.

पाण्याची पाळी वावरावावरांतून फिरत राहिली, गहू तरला, पण तिच्या कांद्यापर्यंत पाणी काही पोचेना. आणि एका सकाळी वावराकडे येताना लांबूनच तिला दोघे भाऊ समोरासमोर उभे दिसले, हातांत काहीतरी चकाकत होतं... नको रे, नको, म्हणत ती बांध तुडवत धावली.

दोघांच्या हातांत पितळी हंडे होते. कांद्याचे तीन वाफे भिजले होते.

तोताराम अपराध्यासारखा म्हणाला, “पाटाले हात नही लाया, वहिनी. घरनी विहीरनं पानी शे.”

धुरपदाबाई ओल्या मातीतच बसली आणि इतक्या दिवसांचं रडू तिला एकदम आलं.