दुपारच्या कुप्या

भाचीच्या पत्राला निवृत्त ग्रंथपालाने सहा आठवडे उत्तर दिलं नव्हतं. ‘मामा, कुप्या मी बाहेर ठेवल्या नाहीत. तुमचा तरी विश्वास आहे ना?’ एवढंच तिने विचारलं होतं. त्याने चार मसुदे केले, चारही फाडले. शेवटी पत्र घेऊन तो शेजारी राहणाऱ्या, खासगी तपासाची कामं घेणाऱ्या बाईंकडे गेला.

भाची क्षयरोगाच्या नव्या लशीच्या चाचणीत कामाला होती. लस जिवंत, पण दुबळ्या केलेल्या जंतूंची. टोचल्यावर तीन आठवड्यांत दंडावर बारीक फोड आला, की ती लागू पडली. सकाळी टोचलेल्यांना फोड आले. दुपारच्या बहुतेकांना नाहीत. शीतपेटीची किल्ली भाचीकडे. जेवणाच्या सुट्टीत तिने लशीच्या कुप्या बाहेर ठेवल्या असणार, असं ठरवून तिला गावी धाडलं होतं. महिनाअखेरीस तिला काढून चाचणी गुंडाळणार होते.

दोघं चाचणीच्या केंद्रावर गेले. प्रमुख डॉक्टरांनी तापमानाचा तक्ता दाखवला. रेघ कुठेही हललेली नव्हती. पण तक्ता भाचीच लिहायची, त्यामुळे त्यांना तो पटत नव्हता.

सकाळची सिस्टर हसतमुख होती. तिच्या मते लस टोचायच्या खोलीतलं टेबल चालतं. सकाळी भिंतीशी असतं, दुपारी खिडकीशी जातं.

दुपारच्या थोरल्या सिस्टरचा हात तीस वर्षं सुई टोचून मुरलेला. बाईंचं कार्ड त्यांनी हात लांब करून पाहिलं आणि छान आहे म्हणून परत दिलं. त्या कुपी कायम झाकून ठेवत. खोळंबा नको म्हणून दहा सिरिंजा आधीच भरून ट्रेमध्ये मांडत.

बाईंनी टोचलेल्यांची यादी चाळली. तीन दुपारी मात्र सगळ्यांना फोड आले होते. त्यांनी ग्रंथपालाला त्या तारखांची वर्तमानपत्रं काढायला सांगितली.

“तिन्ही दिवस आभाळ भरलेलं होतं,” तो परत येऊन म्हणाला. “पण त्याचं काय?”

संध्याकाळी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले.

“त्या तिन्ही दिवशी किल्ली यांच्या भाचीकडेच होती,” बाई म्हणाल्या. “शीतपेटीला आभाळ कळत नाही. खिडकीला कळतं. उन्हाने हे जंतू मरतात, म्हणून कुपी झाकायची हे सिस्टरना ठाऊक होतं. पण भरलेल्या सिरिंजा उघड्या ट्रेमध्ये, उन्हात पडून राहायच्या. टेबल खिडकीशी का, तर उजेडाशिवाय सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. आधी भरायच्या का, तर वेळ लागतो आणि तो कुणी पाहायला नको.”

थोरल्या सिस्टर खुर्ची ओढून बसल्या.

“दोन वर्षं झाली. रेघा एकमेकींत मिसळतात. सांगितलं असतं तर हातातली सुई गेली असती. पण देवाशपथ, मीही पेटीच बिघडली समजत होते.”

“आधी चष्मा करून या,” डॉक्टर म्हणाले. “मग बघू.” मग स्वतःशीच पुटपुटले, “म्हणजे लस नापास नाही.” चाचणी पुढे चालणार होती. भाचीला सोमवारी बोलवायचं ठरलं.

वाटेत ग्रंथपाल सुटल्यासारखा बोलला, “डॉक्टर कळवतीलच तिला. आता मी काय लिहू?”

“तिने डॉक्टरांना विचारलं नव्हतं.”

घरी येऊन त्याने लिहिलं: ‘बाळ, सहा आठवडे माझ्या मनात शंका होती. तुझ्यावरचा आळ खोटा, हे आज सिद्ध झालं. पण तू पुराव्याशिवायचा विश्वास मागितला होतास. मी चुकलो. तुझा मामा.’

वाचून पाहिलं तर धीर सुटेल म्हणून त्याने ते न वाचताच पाकीट चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.