चिमट्याची दोन बोटं

यंत्र कधी खोटं बोलत नाही. जालन्याजवळच्या खरात कुटुंबाच्या रेशीमशेडमध्ये या तत्त्वावर सर्वांची अढळ श्रद्धा होती. ती मंगळवारी सकाळी अकरापर्यंत टिकली.

अकरा वाजता बालाजीकाकांना क्रेटमध्ये अकरा कोष चेपलेले सापडले. रेशमाचा किडा स्वतःभोवती धागा गुंडाळून जे घर बांधतो, तो कोष. तो चेपला की धागा सलग निघत नाही. कोष उचलून क्रेटमध्ये ठेवायचं काम चिमट्याचं. चिमट्या म्हणजे एक हात, दोन बोटं आणि भरपूर वायरी. बारा वर्षांच्या रेवतीने हा यंत्रमानव शाळेत वर्षभर खपून जोडला होता.

"बारा वाजता भंगारवाला येतोय," काका म्हणाले. "जाईल त्याच्याबरोबर."

"काका, आधी चौकशी तर करा!"

"करतो की. काय रे चिमट्या, बोटांनी किती जोरात दाबतोस?"

"डावं बोट चार हजार. उजवं बोट चाळीस हजार."

दोघांची नजर उजव्या बोटाकडे वळली. उजवं बोट गेल्याच महिन्यात नवं बसवलं होतं. कालपर्यंत ते साधं बोट होतं; आज त्याचा चेहरा गुन्हेगाराचा वाटत होता. रेवतीला सगळ्यात वाईट वाटलं ते याचं, की तिलाही संशय येऊ लागला.

तेवढ्यात वैशालीआत्या आली. तिची तीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या नोकरीत गेली होती. त्यामुळे भाजीवाल्याचा काटा, दुधाचं माप आणि सख्खा भाऊ यांच्यावर ती सारखाच संशय घ्यायची.

"चार हजार काय?" तिने विचारलं.

"काय म्हणजे? चार हजार!" काका म्हणाले.

"चार हजार म्हशी? एकक (मोजण्यासाठी ठरवलेलं माप) कुठाय?"

"बालाजीरावांनी फापटपसारा बंद करायला सांगितलाय," चिमट्या म्हणाला.

"अगं ताई, चहाच्या वेळी डोकं उठवायचा हा!"

"आता पूर्ण बोल रे."

"डावं बोट जुनं. चार हजार डाइन. उजवं नवं. चाळीस हजार मायक्रोन्यूटन."

"न्यूटन!" काका मागे सरकले. "तरी मी म्हणतच होतो."

रेवती मात्र कोषाकडे बघत होती. "आत्या, उजवं बोट खरंच दहापट जोर लावत असतं, तर कोष डावीकडे ढकलला गेला असता ना? एकाच दाराला दोघं दोन बाजूंनी ढकलतात तसं? पण हा तर मधोमध राहतो."

आत्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. आत्या कौतुक असंच करायची. "मग आकडे वेगळे का? हा घे खडू. एक किलोच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला, सेकंदाला एक मीटर इतका वाढवतं, ते बल एक न्यूटन. डाइनमध्ये किलोच्या जागी ग्रॅम आणि मीटरच्या जागी सेंटिमीटर. किलोत ग्रॅम किती?"

"हजार."

"मीटरमध्ये सेंटिमीटर?"

"शंभर. म्हणजे एका न्यूटनमध्ये... एक लाख डाइन!"

"आणि मायक्रो म्हणजे दहा लाखावा भाग."

"म्हणजे एका न्यूटनचे मायक्रोन्यूटन दहा लाख." रेवतीचा खडू भराभर चालला. "तर एक डाइन म्हणजे दहा मायक्रोन्यूटन. चार हजार डाइनचे चाळीस हजार. आत्या, दोन्ही बोटं सारखीच दाबतायत!"

"माप जितकं बारीक, आकडा तितका फुगतो. लोक आकड्याला घाबरतात, मापाकडे बघत नाहीत. माझी अख्खी नोकरी त्यावर झाली."

"दोन्ही सारखीच जोरात दाबत असतील," काका म्हणाले.

"एक ग्रॅमच्या वस्तूला पृथ्वी साधारण नऊशे ऐंशी डाइनने ओढते," आत्या म्हणाली. "कर भागाकार."

"चार हजार म्हणजे... चार ग्रॅमचं वजन!"

एक कोष दोन ग्रॅमचा. रेवतीने एका कोषावर दोन कोष अलगद ठेवले. तिघांनी वाकून पाहिलं. काहीही झालं नाही.

फाटकाशी भंगारवाल्याचा भोंगा वाजला.

"मग चेपले कुणी?" काका हट्टाला पेटले.

आत्याने क्रेटखालच्या मोठ्या वजनकाट्याकडे नजर टाकली. "चिमट्या, या काट्याची काही नोंद?"

"सात दहा ते सात एकोणीस. ब्याऐंशी जास्त."

"आधी का नाही सांगितलंस?" रेवती ओरडली.

"फक्त बोटांचं विचारलं होतं."

"ब्याऐंशी ग्रॅम असतील," काका घाईने म्हणाले.

"किलो," चिमट्या म्हणाला.

"आठशे न्यूटन," रेवती पुटपुटली. "आठ कोटी डाइन!"

भंगारवाला एक मोडकी खुर्ची घेऊन गेला. चिमट्या राहिला, आणि त्याला एककासकट बोलायची परवानगी मिळाली. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळीचं वजन अर्धा डाइनही भरत नाही. तीही याला उचलता यावी म्हणून रेवतीने वहीत नव्या बोटाचं चित्र काढायला घेतलं.

क्रेटचा काठ मजबूत होता, म्हणून अकरा कोषांवरच निभावलं. त्या सकाळी काका गोणपाटाने झाकलेल्या क्रेटवर बसून चहा प्यायले होते. खुर्ची सोमवारीच मोडली होती.