आधी धूर, मग आवाज

“मॅडम, तुम्ही चौथ्या लेनमध्ये उभ्या आहात.”

मी खाली पाहिलं. नुकत्याच आखलेल्या रेषेवर माझी उजवी चप्पल, आणि तिच्याभोवती फक्कीचा पांढरा ढग. फक्कीचा डबा घेऊन समोर उभे होते पलीकडच्या शाळेचे खेळाचे सर. कोपरापर्यंत पांढरे. डाव्या भुवईवरसुद्धा थोडी फक्की.

“अरे देवा! मोडली रेष?”

“मोडली... पण छान मोडली.”

मी एकाच पायाचे पांढरे ठसे उमटवत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या रेषेपाशी गेले. बाराव्या ठशानंतर मागे वळून पाहिलं. ते अजून पाहतच होते.

त्या दिवशी आंतरशालेय स्पर्धेत माझ्याकडे एक स्टॉपवॉच दिलं होतं. माणसं कमी, म्हणून एका मुलीला एकच घड्याळ. मुख्य पंच होते आमचेच भूगोलाचे सर.

“पिस्तुलाचा धूर दिसला की बटण दाबायचं,” ते सगळ्यांना बजावत होते. “आवाजाची वाट बघू नका. आवाज इथवर यायला तीन दशांश सेकंद खातो.”

“सर, मी आठवीला हेच शिकवते,” मी जरा तोऱ्यात म्हणाले.

मुलींच्या शंभर मीटरच्या दोन शर्यती. दोन्ही मिळून जिची वेळ सगळ्यात कमी, ती एकटीच पुढच्या स्पर्धेला जाणार. पहिली शर्यत एका तिसऱ्याच शाळेच्या मुलीने तेरा पूर्णांक सात सेकंदांत जिंकली होती. दुसरीत आमची खारूताई, आणि तिचं घड्याळ माझ्याकडे. आठवीतली, वर्गात एका जागी बसेल तर शपथ! तीन महिने ती शाळा भरण्याआधी येऊन एकटी धावत होती. तिच्या शेजारच्या लेनमध्ये त्या फक्कीवाल्या सरांच्या शाळेची उंच मुलगी.

सर वाकून तिच्या कानात काहीतरी सांगत होते. मग सरळ झाले, मनगटाने कपाळ पुसलं. भुवईवरची फक्की गेली असेल का...?

ठो!

माझं बोट बटणावर पडलं. पिस्तुलावरचा धूर तोवर विरायला लागला होता.

उंच मुलगी पहिली आली, तेरा पूर्णांक चार. खारूताई दुसरी. माझ्या घड्याळात तेरा पूर्णांक सहा. हा आकडा चुकीचा आहे, हे मला कळत होतं. पण नाहीतरी ती हरलीच आहे, हरलेल्या वेळेला कोण विचारतं? मी आकडा लिहून दिला आणि गप्प बसले.

तेवढ्यात ते खेळाचे सर उंच मुलीला घेऊन पंचांच्या टेबलाशी आले.

“सर, हिला बाद करा.”

भूगोलाच्या सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.

“काय म्हणालात?”

“ही पिस्तूल सुटायच्या आधी निघाली. सुरुवातीच्या पंचांना दिसलं नाही. हिनेच येऊन सांगितलं मला.”

“अहो, कुणाची तक्रार नाही, काही नाही! स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेता?”

“आज मी हिला गप्प बस म्हणालो,” सर शांतपणे म्हणाले, “तर ही पुन्हा कधीच खरं सांगणार नाही. मलाही नाही.”

मुलगी रडत होती, पण मान ताठ होती. टेबलापाशी उभ्या असलेल्या आमच्या मोठ्या बाई माझ्याकडे वळून जवळजवळ ओरडल्याच, “म्हणजे तेरा पूर्णांक सहा! आपली खारूताई जाणार!”

खारूताई माझ्या गळ्यात पडली. तिचं काळीज केवढं धडधडत होतं! आणि माझं त्याहून जास्त. एका वाक्यात त्या माणसाने माझ्या फुटकळ चुकीचं चोरीत रूपांतर करून टाकलं होतं.

“सर...” मी भूगोलाच्या सरांकडे वळले. “माझी वेळ चुकली आहे. मी धुरावर नाही, आवाजावर बटण दाबलं.”

“तुम्ही?” भूगोलाचे सर उठूनच उभे राहिले. “आठवीला शिकवणाऱ्या?”

मोठ्या बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. आवाजाने खाल्लेले तीन दशांश मिळवून तेरा सहाचे तेरा नऊ झाले आणि तिसऱ्याच शाळेची मुलगी पुढे गेली.

खारूताईने माझ्या गळ्यातले हात काढून घेतले. एवढं मला कशानेच लागलं नसतं.

“म्हणजे माझी खरी वेळ तेरा नऊ?”

“हो गं.”

“मग तीनच दशांश कमी करायचे आहेत,” नाक पुसत ती म्हणाली. “पण पुढच्या वेळी घड्याळ तुम्ही धरायचं नाही, बाई.”

दुपारी मैदान रिकामं झालं. मी पायऱ्यांवर बसले होते. शेजारी चहाचे दोन कप ठेवले गेले.

“आपण दोघांनी मिळून छान दिवे लावले,” सर म्हणाले. “दोघांच्याही मुली घरी!”

मला हसू फुटलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

“एक विचारू? धूर कसा नाही दिसला तुम्हाला? लख्ख ऊन होतं.”

“मी... दुसरीकडे पाहत होते.”

“कुठे?”

आज खोटं बोलणं मला परवडणारं नव्हतं.

“तुमच्या भुवईकडे.”

त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. उंच मुलीला बाद करताना न डगमगलेला माणूस कपाकडे पाहत बसला.

“मग मलाही... एक सांगायला हवं,” शेवटी ते म्हणाले. “मीही बादच आहे. पिस्तूल सुटायच्या आधीच निघालोय. सकाळी, ती रेष मोडली तेव्हाच.”

आता आ वासायची पाळी माझी होती. भुवईवरची फक्की अजून तिथेच होती. मी पदराच्या टोकाने ती हळूच पुसली.

“कुणाची तक्रार नाही,” मी म्हणाले.