धसईच्या वहीतली पोर

मुरबाडच्या कचेरीत जुन्या दप्तराच्या खोलीला एकच खिडकी होती, आणि अंबूबाईने आल्या आल्या ती महादूला उघडायला लावली.

"कागद जपतोस का माणसं कोंडून मारतोस?"

महादूची सारी नोकरी त्याच खोलीत गेली होती. लाल फडक्यात बांधलेल्या वह्यांच्या गठ्ठ्याला तो रुमाल म्हणायचा. त्याने धसईचा रुमाल सोडला, धूळ झटकली. "साल सांगा, आजी."

"सदुसष्ट. भातकापणी चाललेली. मुलगी झाली."

अंबूबाईची पहिली पोर. चौथ्या दिवशी गेली. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद नि लेखणी मांडून ठेवायची. तेही मांडायचं राहिलं. बारसं नाही, नाव नाही. नवरा धाऊ जाऊन बारा वर्षं झाली. सुईण रखमी गेल्या महिन्यात गेली. पोरीला पाहिलेलं दुसरं माणूस आता उरलं नव्हतं. कल्याणचा लेक दीपेश फोनवर म्हणाला, "आई, वय झालं तुझं. अशी कुणी नव्हतीच." त्याच दिवशी तिने ठरवलं, सरकारी कागद आणून त्याच्या तोंडासमोर धरायचा.

महादूचं बोट एका ओळीवर थांबलं.

"बाप धाऊ, आई अंबू. हाय की. मुलगी. नाव मैना."

"नाव कसं असेल? बारसंच नाय झालं तिचं. चष्मा पूस आधी."

"लिवलंय, आजी. तुमीच बघा."

अंबूबाई दुसरीपर्यंत शिकलेली. वाकून तिने अक्षराला अक्षर लावलं. मै. ना.

हे नाव तिने मनात ठेवलं होतं. धाऊला सांगितलं नव्हतं, रखमीला नाही, देवापुढेही उच्चारलं नव्हतं.

"मरणाची वही काढ," ती म्हणाली.

त्याने काढली. त्या सालच्या ओळी वाचल्या, पुढच्या दोन सालांच्या वाचल्या. मैना कुठेच नव्हती.

बाहेर एसटीचा हॉर्न वाजला.

"नक्कल दे. जन्माचीच दे."

महादूने अर्जांची वही ओढली आणि मागचं पान बघून थांबला.

"ही बाई तुमच्यातलीच का, आजी? गेल्या सोमवारी आलेली. मैना धाऊ. आईच्या मरणाची नोंद मागत होती. नाय सापडली म्हटलं, तर म्हणे परत येईन."

"दिसायला कशी?"

"केस पिकलेले. तोंडवळा तुमच्यासारखाच." तो हसला. मग हसायचा थांबला.

"राहते कुठं?"

महादूने ओळीवर बोट ठेवलं. "घर नंबर एक्केचाळीस. धसई."

त्या घरात बारा वर्षं अंबूबाई एकटी राहत होती.

परतीच्या एसटीत ती कंडक्टरशी भांडली नाही. दीपेशचा फोन वाजला. नक्कल पिशवीत होती, तरी तिने तो उचलला नाही.

अंगणात अजून ऊन होतं. सकाळी लावलेलं कुलूप दाराला तसंच होतं. तिने किल्ली काढली.

ती लावायच्या आधी तिने कडी वाजवली.