तांदळाच्या पेटीतली डोकी

ही गोष्ट खरी आहे. थाप वाटत असेल त्यांनी इथेच थांबावं. ओतोसे माझी पणजी. तिनं हे माझ्या आजीला सांगितलं, तेसुद्धा रागानं थरथरत.

एदो शहरातला फुकागावा मोहल्ला. तेम्पो म्हणत त्या काळातल्या मोठ्या दुष्काळाचा शेवटचा उन्हाळा.

घरात तांदळाचा दाणा नव्हता. उंदीरसुद्धा घर सोडून गेले होते.

ओतोसेचा नवरा इसेकिची चित्रं छापायचे लाकडी ठसे कोरायचा. चित्रं काढायचा त्याचा धाकटा भाऊ मिनोसुके. त्याच्या शेवटच्या चित्रात तांदूळ दडवणारे व्यापारी मेजवानीला बसले होते, सगळ्यांना उंदरांची डोकी. दारात उपाशी माणसं, त्यांना मात्र माणसांचीच तोंडं. सगळ्यात पुढे मिनोसुके स्वतः.

त्या चित्रापायी त्याला कोठडीत टाकलं. आठव्या दिवशी प्रेत घरी आलं.

नवव्या दिवशी अंमलदार आला.

"ठसा झकास आहे, वाया नको घालवू," तो इसेकिचीला म्हणाला. "व्यापाऱ्यांना माणसांची डोकी बसव. उंदरांची दे त्या भिकाऱ्यांना. कोठारं फोडायला तेच आले होते ना?"

इसेकिची मान खाली घालून "जी" म्हणाला.

ओतोसेच्या अंगाची लाही लाही झाली.

"अहो, सख्ख्या भावाचं डोकं उडवणार?"

"नाहीतर माझं उडेल. तू गप्प बस."

ठशात बदल करायची एक रीत असते. नको तो तुकडा पोखरून काढायचा, तिथे नव्या लाकडाचं ठिगळ ठोकायचं आणि त्यावर पुन्हा कोरायचं. इसेकिचीनं तेच केलं. निघालेली डोकी चुलीत घाल म्हणाला.

ओतोसेनं ती जाळली नाहीत. तांदळाच्या रिकाम्या पेटीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी, भर दुपारी...

पेटीतून काहीतरी कुरतडल्यासारखा आवाज आला.

कुर्र... कुर्र...

तिनं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं. डोकी नव्हती, भुसासुद्धा नव्हता.

तिकडे इसेकिचीनं पहिला कागद ठशावरून उचलला आणि तो बघतच राहिला.

व्यापाऱ्यांच्या धडांवर पुन्हा उंदीर होते. दारात पुन्हा माणसं होती.

फक्त मिनोसुके नव्हता... त्याची जागा कोरी होती.

दोघांनी ठसा तपासला. ठिगळं जिथल्या तिथे घट्ट. सगळं अंमलदारानं सांगितलं तस्संच.

इसेकिचीनं दुसरा कागद छापला.

कोऱ्या जागेत आता कुणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. हातात छिन्नी. अंगात इसेकिचीचाच फाटका अंगरखा.

डोकं कुत्र्याचं.

"हे... हे मी नाही कोरलं."

"तुम्हीच कोरलंत," ओतोसे म्हणाली.

तरीही संध्याकाळी त्यानं तो ठसा अंमलदाराकडे पोचवला. भुताला घाबरला नाही इतका तो त्या माणसाला घाबरला. माझा पणजोबा असला तरी मला त्याची अजून चीड येते.

तो दुसरा कागद ओतोसेनं त्याच पेटीत जपला. पेटी आता माझ्याकडे आहे. मीही ठसेच कोरतो.

गेल्या महिन्यात एका साहेबानं मला चित्रातला एक चेहरा बदलायला सांगितला. कुणाचा, आणि साहेबाला तो का नको होता, ते मला ठाऊक होतं.

मी "जी" म्हणालो.

तेव्हापासून कुत्र्याचं डोकं असलेला तो कागद मी उलगडून पाहिलेला नाही.

पण दुपारी घर शांत झालं की पेटीतून आवाज येतो.

कुर्र... कुर्र...