पापड, प्लेट आणि चंपत मिस्त्री

"शिडी हालून राह्यली... धरू का?"

माझ्या डोक्यावर ज्वारीच्या पापडांची पाटी होती. एक पाय शिडीवर, दुसरा हवेत. खाली पाहिलं तर निळ्या शर्टातला एक पोरगा उभा, खांद्याला अवजारांची पिशवी.

"शिडी धरा," मी म्हटलं, "नजर खाली ठेवा."

त्यानं शिडी धरली आणि मी उतरेपर्यंत आपल्या चपलांकडं पाहत राहिला. इतका सरळ माणूस मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून मुद्दाम हळू उतरले. आता सून हसते मला. हसू दे. तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी कधी शिडी धरली नाही.

ही गोष्ट शहाण्णवच्या चैतातली, वांकिडीच्या आमच्या घरातली. माझ्या बाबांनी, यशवंतरावांनी, नागपूरच्या शेतकी प्रदर्शनातून उन्हावर चालणारं यंत्र आणलं होतं. गच्चीवर काचेची काळीनिळी प्लेट, पडवीत बॅटरी आणि इन्व्हर्टर. दिवसभर ऊन बॅटरी भरणार, त्यावर पंखा, दिवे आणि टीव्ही चालणार. ऊन कमी पडलं तरच मशीन खांबावरचा करंट ओढणार. बाबांनी हे पारावर बसून साऱ्या गावाला ऐकवलं होतं.

आणि मीटर भर उन्हाळ्यात भिंगरीसारखं फिरत होतं.

"यशवंतराव, सूर्य सुट्टीवर गेला का?" पारावरची माणसं विचारायची. बाबांना ते घासातल्या खड्यासारखं लागायचं. म्हणून उटनूरहून मिस्त्री बोलावला. चंपत त्याचं नाव. जंगलातल्या गावांत सरकारी सौरदिवे बसवता बसवता काम शिकलेला.

आमच्याकडं एक रीत होती. परका माणूस गच्चीवर चढायचा तर बायांनी आधी वाळवण उचलून खाली यायचं. परक्याची नजर पडली की पापड तेलात फुलत नाही, म्हणे. चंपत अंगणात दिसला की माझी आई, कौशल्याबाई, हाक द्यायची, "मिस्त्री आला वं, वरचं आवरा." मग तो वर जायचा, आपलं काट्याचं यंत्र लावायचा, आणि काटा अगदी ठीक दाखवायचा. खाली येऊन तो तारांची टोकं घासायचा, बॅटरीत पाणी घालायचा. "आता चालंल" म्हणून जायचा. दुसऱ्या दिवशी मीटर पुन्हा भिंगरी.

"नाव चंपत, अन् दर आठवडी बाजारले हजर," पाण्याचा तांब्या पुढं करत मी एकदा म्हटलं.

"नाव आजीनं ठेवलं. तिले का माहीत, वांकिडीत असं मशीन हाय म्हणून."

"मशीनच पाहाले येता ना?"

"आतापर्यंत तरी..." तो म्हणाला, आणि पाणी प्यायचं सोडून तांब्याकडंच पाहत बसला. माझ्या कडेवरची पापडांची पाटी उगीचच जड झाली.

पण बाबांचा धीर सुटला. "आजच्या आज मीटर थांबलं नाही, तर प्लेट नागपूरले वापस," त्यांनी त्याला बजावलं. "अन् तुह्या शेठले सांगतो, हा मिस्त्री कामाचा नाही म्हणून."

प्लेट गेली की हा कशाला येतो वांकिडीला?

त्या दुपारी बाबा पडवीत मीटरसमोर बसले आणि मला गच्चीवर पाठवलं. खालून ते मीटर सांगणार, मी वर मिस्त्रीला सांगायचं. मी प्लेटजवळ वाकून पाहू लागले.

"जरा सरका... तुमची सावली पडली. काटा खाली आला."

मी सरकले, काटा वर गेला. परत वाकले, काटा खाली.

"माह्या एकटीच्या सावलीनं एवढं?"

"सावली कोनाची हाय, त्यावर हाय ते."

मी हसले... आणि हसता हसता थांबले. रोज सकाळी आई त्याच प्लेटवर काठोकाठ पापड घालायची. उंच जागा, कोंबडी नाही, बकरी नाही, वरून ऊन अन् खालून काच तापलेली. शेजारच्या पंचफुलाकाकूचे पापडही तिथंच यायचे. आमचे पापडच ऊन खात होते, बॅटरी उपाशी राहत होती, आणि मशीन बिचारं खांबाकडं हात पसरत होतं. मिस्त्री आला की आम्ही सारं उचलायचो, मग त्याला दिसणार काय?

बोलले तर मशीन सुधरणार, म्हणजे तो जाणार. गप्प राहिले तर प्लेट जाणार, म्हणजेही तो जाणार. मग जाऊ दे निदान ताठ मानेनं.

मी खाली जाऊन पापडांची पाटी आणली आणि त्याच्यादेखत प्लेटवर पापड मांडले.

"फिरलं वं," खालून बाबा म्हणाले.

मी पापड उचलले.

"थांबलं."

चंपत दचकला नाही. त्यानं पिशवीतून खिळ्यांची डबी काढली. आत पापडाचा एक वाळका तुकडा होता.

"दुसऱ्या खेपेलेच सापडला. प्लेटच्या कोपऱ्यात चिकटला होता."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तर मशीन त्याच दिवशी सुधरलं असतं..."

"अन् बाबानं तुमची नोकरी घालवली असती तर?"

"आज सांगनारच होतो. खाली उतरताना. जेवढं उशिरा उतरता येईल तेवढं..."

ऊन डोक्यावर होतं, पण माझे कान त्याच्याआधीच तापले होते.

"काय बिघडलं होतं, द्वारके?" बाबांनी विचारलं.

"आईले विचारा."

आई म्हणाली, "एवढं मोठं ऊन. दोन पापडांनं थोडंच सरते?" बाबांनी कपाळाला हात लावला. पारावर हे कोणी बोलायचं नाही, अशी साऱ्या घराला ताकीद दिली.

चंपत पिशवी भरू लागला. एकेक पाना पुसून, पुन्हा पुसून.

"आता इथं यायचं काही कारन नाही तुमाले," मी म्हटलं.

"पुढच्या बाजारले माहे बापूजी येतील," तो खाली पाहत म्हणाला. "त्याईले मशीनमधलं काही समजत नाही."

बापूजी आले. आईनं पाहुण्यांसाठी कढई चढवली आणि पाटीतले वरचे पापड घेतले, तेच, चंपतच्या डोळ्यांदेखत मांडलेले. मी सांगून टाकलं. आई धास्तावली, तरी एक पापड तिनं तेलात सोडलाच. आम्ही दोघी कढईवर वाकून पाहत राहिलो.

पापड कढईभर फुलला.

आई पडवीतल्या पाहुण्यांकडं पाहून हळूच म्हणाली, "नजर नाही लागली. मंग परका नसंल तो."